आठ पाय आणि एक चादर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पेन घेऊन बसलो. कृष्णविवरावरच्या आमच्या पॉडकास्टच्या भागावर तुमचे आक्षेप तीन. सिनेमाच्या कुबड्या घेऊन विज्ञान सांगितलं की लोकांच्या डोक्यात सिनेमाच उरतो. समीकरणांशिवाय भौतिकशास्त्र म्हणजे नुसत्या गप्पा. आणि ताणलेल्या चादरीचा दाखला साफ चुकीचा. तिसरा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

चादर ताणायची, मधोमध जड गोळा ठेवायचा, कडेने गोटी सोडायची. गोटी गोळ्याकडे घरंगळते, झालं गुरुत्वाकर्षण! पण ती घरंगळते कशाने? चादरीखालच्या पृथ्वीच्या ओढीने. म्हणजे जे समजावायचं तेच गृहीत धरलं. शिवाय चादरीत फक्त अवकाश वाकलेलं दिसतं, काळ गायब. हातातून सुटलेली वस्तू खाली येते ती मुख्यतः काळाच्या वक्रतेमुळे: जमिनीलगत घड्याळ किंचित सावकाश चालतं, उंचावर किंचित जलद. हा फरक पुस्तकी नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं उंचीमुळे रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात, उरले ३८. तेवढे हिशेबात धरले नाहीत तर अंतराच्या गणितात दिवसाला दहा-अकरा किलोमीटरची चूक साठत जाईल. ऐकणाऱ्याच्या खिशातल्या फोनमध्येच दाखला होता आणि मी चादर पसरत बसलो. तीही अशा माध्यमात, जिथे ती कुणाला दिसतच नाही.

समीकरणाचा प्रयत्न मात्र करून झालाय. आईन्स्टाईनचं क्षेत्र समीकरण एकदा रेकॉर्डिंगच्या वेळी मोठ्याने वाचलं: "जी म्यू न्यू बरोबर आठ पाय जी भागिले सीचा चौथा घात, गुणिले टी म्यू न्यू." समोर बसलेली सहकारी शांतपणे म्हणाली, "आठ पाय? म्हणजे कोळी?" तो तुकडा कापला. डोळा मागे फिरून ओळ पुन्हा वाचतो, कानाला ती सोय नाही. ज्याला समीकरण हवं त्याने कागद घ्यावाच.

पण कानालाच पेलतील अशाही गोष्टी आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या शोधकयंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या विलयातून उठलेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळातलीच थरथर, टिपली. एकाचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसऱ्याचं २९ पट. पाव सेकंदाच्या आत लहरीची वारंवारता ३५ हर्ट्झवरून साधारण २५० पर्यंत चढली, आणि हा पट्टा माणसाच्या ऐकण्याच्या कक्षेत येतो. ती लहर ध्वनी नव्हे, हे सांगायलाच हवं. तरी ती स्पीकरला जोडली की खालून घुमत वर चढणारा आणि एकदम तुटणारा सूर ऐकू येतो. दोघं जवळ येत गेली तशी गिरकी वाढत गेली, हे त्या सुरातच आहे. आलेखावरून तेच समजवायला मला पाच मिनिटं लागतात.

आता सिनेमा. इथे मी मागे हटणार नाही. 'इंटरस्टेलार'मधलं (२०१४) कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून उभं केलं, एवढं सगळे सांगतात आणि थांबतात. खरी गंमत पुढे आहे. कृष्णविवराभोवतीची तप्त वायूची तबकडी प्रचंड वेगाने फिरते, त्यामुळे आपल्याकडे येणारी बाजू झगझगीत आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी. सिनेमात दोन्ही बाजू जवळपास सारख्या. प्रेक्षक गोंधळतील म्हणून हा परिणाम मुद्दाम वगळला, आणि दृश्यं तयार करणाऱ्या गटाने थॉर्न यांच्यासोबत २०१५ साली शोधनिबंधात तसं लिहूनही ठेवलं. मग १० एप्रिल २०१९ रोजी एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा जगापुढे आली. त्या धूसर नारिंगी कड्याचा खालचा भाग सरळसरळ जास्त उजळ होता.

लोकांच्या डोक्यात सिनेमा उरतो म्हणता, उरू दे ना! तो आधी डोक्यात होता म्हणूनच "हे एकाच बाजूला का उजळ?" असं विचारणारे मला भेटले. सिनेमा जिथे खोटं बोलला, नेमकं तिथेच त्यांना विज्ञान हवंसं झालं. हे मी भागाच्या शेवटी दोन मिनिटांत उरकलं, हा दोष मात्र माझा. तोवर बरेच जण उठून गेलेले असतात.

चादरीची दुरुस्ती त्याच भागाच्या सुरुवातीला जोडतोय. वेगळा खुलासा काढला तर चूक ऐकलेल्याला तो शोधत फिरावं लागेल. घड्याळांचा मसुदा तयार आहे. रेकॉर्ड करण्याआधी तुम्हाला पाठवू का? त्यात मी "जमिनीवरचं घड्याळ सावकाश चालतं" असं लिहिलंय, आणि तुमचा पुढचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: सावकाश, पण कुणाच्या घड्याळाने?