मायक्रोप्रोजचा लोगो, सिड मायर आणि सरखेल कान्होजी: फिरत्या मजकुराला उत्तर

रत्नागिरी-चिपळूणकडच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: मायक्रोप्रोज ही सिड मायर या अमेरिकन गेमकाराने एकट्याने काढलेली स्ट्रॅटेजी गेमची, म्हणजे डावपेच आखून खेळायच्या कॉम्प्युटर गेमची, कंपनी. तिचा लोगो ज्या गेमच्या सुरुवातीला झळकतो तो प्रत्येक गेम त्यांच्याच हातचा. ‘पायरेट्स!’ हा समुद्री चाच्यांचा गेम त्यांना आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून सुचला. पुढे स्ट्रॅटेजी गेम कोणी घेईना म्हणून कंपनी बुडाली, आणि आता तीच कंपनी परत आली आहे. शेवटी ‘कोकणी असाल तर पुढे पाठवा’.

मी कोकणी आहे, आणि म्हणूनच तो पुढे पाठवला नाही. त्यात ज्यांनी खरोखर काम केलं त्यांची नावं पुसली गेली आहेत, आणि कान्होजींना नको त्या पंगतीत बसवलं आहे.

आधी ‘एकट्याने काढलेली’ हे पाहू. १९८२ साली अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात, हंट व्हॅली इथे ही कंपनी दोघांनी सुरू केली: सिड मायर आणि बिल स्टीली. दोघे एकाच कंपनीत नोकरीला होते. स्टीली हवाई दलातले वैमानिक. लास व्हेगासला कामानिमित्त गेले असताना तिथल्या ‘रेड बॅरन’ या विमानांच्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरच्या) गेमवर मायर यांनी त्यांना हरवलं आणि ‘याहून चांगला गेम मी लिहून देतो’ म्हणाले. मायर यांनी लिहायचं, स्टीलींनी विकायचं, अशी वाटणी ठरली. स्टीली नसते तर तो लोगो दुकानाच्या फळीवर पोचलाच नसता. आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला धक्का बसेल अशी गोष्ट पुढेच आहे. मायर यांचा सर्वांत गाजलेला स्ट्रॅटेजी गेम ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली बाजारात आला तेव्हा मायर मालकही उरले नव्हते. स्टीलींना आर्केड यंत्रांच्या धंद्यात पैसा घालायचा होता, मायर यांना तो धोका पटेना. त्यांनी आपला वाटा स्टीलींना विकून टाकला आणि कंत्राटावर गेम करत राहिले.

‘स्ट्रॅटेजीची कंपनी’ हेही सुरुवातीच्या काळाला लागू होत नाही. पहिले गेम पाहा: ‘हेलकॅट एस’, ‘सोलो फ्लाइट’, ‘एफ-१५ स्ट्राइक ईगल’, मग पाणबुडीचा ‘सायलेंट सर्व्हिस’ आणि हेलिकॉप्टरचा ‘गनशिप’. सगळी सिम्युलेशनं, म्हणजे खरं यंत्र चालवल्याचा अनुभव देणारे गेम. जुन्या डब्यांवर कंपनीच्या नावाखाली ‘सिम्युलेशन सॉफ्टवेअर’ असंच छापलेलं असायचं. रेल्वे उभारण्याचा स्ट्रॅटेजी गेम ‘रेलरोड टायकून’ १९९० सालचा. तिथून पुढे ही कंपनी स्ट्रॅटेजीची म्हणून ओळखली जाऊ लागली.

आता मुख्य दावा: लोगो दिसला की गेम मायर यांचा. हा समज आपल्याकडे का रुजला ते मला कळतं. सायबर कॅफेत गेम यायचे ते बहुधा ‘रिप’ केलेल्या सीडीवरून. जागा वाचावी म्हणून सुरुवातीचे व्हिडिओ आणि संगीत त्यातून काढून टाकलेलं असायचं. जे काही उरायचं ते एस्केप दाबून पुढे ढकलायचं, कारण तासाचे पैसे चालू असायचे. डबा नाही, पुस्तिका नाही, शेवटची नामावली कोणी पाहिलेली नाही. मग लक्षात राहणार काय, तर एक लोगो आणि एक नाव.

पण तो लोगो प्रकाशकाचा, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्याचा होता, आणि त्याच्या मागे वेगवेगळ्या देशांतली वेगवेगळी माणसं होती. ‘मास्टर ऑफ ओरायन’ (१९९३) स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्सने केला. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ (१९९४) आणि ‘रोलरकोस्टर टायकून’ (१९९९) हे ख्रिस सॉयर यांचे. ‘रोलरकोस्टर टायकून’चा जवळजवळ सगळा कोड त्यांनी एकट्याने असेंब्ली या किचकट, यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहिला; चित्रं सायमन फॉस्टर यांची, संगीत अॅलिस्टर ब्रिंबल यांचं. ‘सिव्हिलायझेशन’सुद्धा मायर आणि ब्रूस शेली या दोघांची निर्मिती. हेच शेली पुढे ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या कामात होते, म्हणजे कॅफेत आपण ज्याच्यासाठी रांग लावायचो त्या गेमच्या! आणि ‘सिव्हिलायझेशन २’ची रचना प्रामुख्याने ब्रायन रेनल्ड्स यांची, डब्यावर नाव मात्र मायर यांचं.

परग्रहवासीयांशी लढायच्या ‘एक्स-कॉम’ मालिकेचा पहिला गेम, १९९४ सालचा, तर लोगोच्या मालकांना नकोच होता. तो इंग्लंडमधल्या ज्युलियन आणि निक गोलॉप या भावांनी केला. १९९३ साली मायक्रोप्रोज स्पेक्ट्रम होलोबाइट या कंपनीच्या ताब्यात गेली आणि नव्या मालकांनी हे काम बंद करायला सांगितलं. ज्युलियन गोलॉप यांनी नंतर सांगितलं आहे की ब्रिटनमधल्या कार्यालयातल्या लोकांनी तो निरोप दाबून ठेवला आणि काम चालूच ठेवलं. गेम आला आणि तुफान चालला. या माणसांचं श्रेय एका फॉरवर्डच्या ओळीत मायर यांच्या खात्यावर टाकणं मला सहन होत नाही.

मग मायर यांचं नाव डब्यावर का? तेही ‘पायरेट्स!’पासूनच सुरू झालं, १९८७ साली. विमानांचे गेम घेणारं गिऱ्हाईक हा वेगळ्याच जातीचा गेम घेईल का, ही स्टीलींना चिंता होती. ओळखीचं नाव पुढे लावलं की माणूस निदान डबा हातात घेईल, हा त्यामागचा हिशेब. स्टीली सांगतात की ही कल्पना एका जेवणाच्या वेळी अभिनेते रॉबिन विल्यम्स यांनी सुचवली.

आता कान्होजी. ‘पायरेट्स!’ घडतो कॅरिबियन समुद्रात. त्यात सत्ता चार: स्पेन, इंग्लंड, फ्रान्स आणि नेदरलँड्स. खेळाडूला काळ निवडता येतो. सर्वांत आधीचा १५६० सालचा, सर्वांत नंतरचा १६८० सालचा. कान्होजींची कारकीर्द ऐन भरात आली ती अठराव्या शतकात: १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांशी तह, १७२१ साली कुलाब्यावर चालून आलेल्या इंग्रज-पोर्तुगीज फौजांना परतवणं, १७२९ साली मृत्यू. काळ जुळत नाही, किनारा जुळत नाही.

वारासुद्धा जुळत नाही. त्या गेममध्ये वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून वाहतो. पश्चिमेला जहाज सहज जातं, परत पूर्वेला येताना जीव मेटाकुटीला येतो. तिथला खरा समुद्रही तसाच. आपल्याकडे पावसाळ्यात दर्या बंद, नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर. कान्होजींची गुराबं-गलबतं या मोसमाच्या हिशेबाने चालायची. त्या गेममध्ये मोसमी वाऱ्याचा मागमूसही नाही. ज्याने एकदा तरी हर्णैला किंवा देवगडला बंदरावर उभं राहून समुद्र पाहिलाय, त्याला हा फरक सांगावा लागू नये.

याहून मोठी गोष्ट म्हणजे कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल (आरमारप्रमुख) होते, छत्रपतींचे अधिकारी. या किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांनी त्यांचं दस्तक (परवाना) घ्यावं ही त्यांची मागणी सत्ताधाऱ्याची होती. इंग्रजांना ती मान्य नव्हती म्हणून त्यांनी कान्होजींना चाचा म्हटलं. तीच शिवी आपण अभिमान म्हणून ग्रुपवर फिरवायची? कान्होजींचं मोठेपण कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गाच्या तटांवर दिसतं. त्याला अमेरिकेतल्या गेमचा दाखला कशाला हवा?

‘स्ट्रॅटेजी चालेना म्हणून बुडाली’ हेही खोटं. १९९६ साली स्पेक्ट्रम होलोबाइटने स्वतःचं नाव सोडून मायक्रोप्रोज हेच नाव सगळीकडे लावलं, इतकं ते वजनदार होतं. त्याच वर्षी मायर, रेनल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज बाहेर पडले आणि त्यांनी फिरॅक्सिस काढली. १९९८ साली खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोने मायक्रोप्रोज विकत घेतली. पुढच्याच वर्षी ‘रोलरकोस्टर टायकून’ अमेरिकेत धो-धो विकला गेला, आणि त्याच वर्षअखेर हॅस्ब्रोने मायक्रोप्रोजची दोन कार्यालयं बंद केली. तोट्यात होता हॅस्ब्रोचा सगळाच गेम विभाग. तो २००१ साली फ्रान्सच्या इन्फोग्रामकडे गेला आणि हंट व्हॅलीचं मूळ कार्यालय २००३ साली बंद पडलं. सिव्हिलायझेशन तेव्हाही विकला जात होता, आजही जातो.

राहिली ‘तीच कंपनी परत आली’ ही ओळ. परत आलं ते नाव आणि चिन्ह. डेव्हिड लॅगेटी या ऑस्ट्रेलियन उद्योजकाने ते मिळवलं आणि २०२० साली नव्याने सुरुवात केली. बिल स्टीलींचा त्याला पाठिंबा आहे. ‘कॅरियर कमांड २’, ‘हायफ्लीट’, ‘रेजिमेंट्स’ असे गेम या नव्या मायक्रोप्रोजने आणले आहेत आणि ते त्यांच्या स्वतःच्या गुणांवर पाहावेत असे आहेत. पण सर्वांत गाजलेल्या जुन्या गेमचे हक्क त्यांच्याकडे नाहीत. सिव्हिलायझेशन आणि एक्स-कॉम टेक-टू या कंपनीकडे आहेत, रोलरकोस्टर टायकून अटारीकडे. मायर आजही फिरॅक्सिसमध्ये आहेत आणि फिरॅक्सिस टेक-टूच्या मालकीची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘सिव्हिलायझेशन ७’ आला तो याच फिरॅक्सिसचा. तो विकत घेतलात तर त्यातला एक रुपयाही मायक्रोप्रोजला जात नाही.