सवानीचा 1899 चा सीझन आणि हिस्सा न मिळालेली दोन माणसं

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डोंगरावर सवानी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथच्या फुटबॉल टीमनं 1899 साली 12 मॅचेस खेळल्या आणि 12 ही जिंकल्या. 322 पॉइंट केले, दिले फक्त 10. त्यातल्या 5 मॅचेस तर 6 दिवसांत, सगळ्या परमुलखात, आणि पाचही वेळा समोरच्याच्या हातात भोपळा. या सीझनबद्दल कुठंही वाचा, पोलादी पोरं, वज्रासारखी शरीरं, हेच कौतुक. पोरं जिगरबाज होती यात वादच नाही. पण श्रेय वाटताना दोघांचा हिस्सा कायम मारला जातो असं माझं ठाम मत आहे. एक मॅनेजर ल्यूक ली, दुसरा मालिश करणारा कॅल बरोज.

आपल्या कोल्हापुरात पेठापेठांत ईर्ष्येनं खेळला जातो तो हा फुटबॉल नव्हे, एवढं आधी सांगतो. लंबगोल चेंडू छातीशी धरून घुसायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन आडवं पाडायचं, असा हा खेळ. तेव्हा हेल्मेटची सक्ती नव्हती. चेंडू पुढं फेकायची परवानगी 1906 साली मिळाली, त्यामुळं 1899 मध्ये सगळी मदार रेटारेटीवर. 3 प्रयत्नांत 5 यार्ड सरकायचं. हल्लाही त्याच अकरा जणांनी करायचा आणि बचावही त्यांनीच. एकदा बाहेर गेलेला गडी परत आत यायचा नाही. म्हणून डोकं फुटलं तरी पोरं मैदान सोडत नसत. टेक्सासविरुद्ध कॅप्टन सीबल्सचं डोकं खरंच फुटलं, तरी तो खेळत राहिला.

आता त्या दौऱ्याचं वेळापत्रक बघा. 9 नोव्हेंबरला, गुरुवारी, ऑस्टिनमध्ये टेक्सासला 12-0. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमला 10-0. शनिवारी न्यू ऑर्लीन्समध्ये टुलेनला 23-0. रविवारी सुट्टी, कारण विद्यापीठ एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं. सोमवारी बॅटन रूजमध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 34-0 आणि मंगळवारी मेम्फिसमध्ये ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) 12-0. सगळा मिळून सुमारे 4,000 किलोमीटरचा प्रवास, तोही रेल्वेनं.

असा जीवघेणा दौरा आखायची वेळ का आली? पैशासाठी. शेजारच्या व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाशी होणारी मॅच म्हणजे हमखास गल्ला. त्या वर्षी तिकिटाच्या पैशांच्या वाटणीवरून बिनसलं आणि मॅचच झाली नाही. ती तूट भरून काढायला विशीतल्या ल्यूक लीनं हा दौरा जुळवला. तोही विद्यार्थीच. पाच विद्यापीठांकडून तारखा मिळवायच्या, गाड्यांच्या वेळा जुळवायच्या, पोरांना झोपायला स्लीपर डबा ठरवायचा. परक्या पाण्यानं पोटं बिघडू नयेत म्हणून गावच्या झऱ्याचं पाणी पिंपं भरून बरोबर घेतलं होतं म्हणतात. खेळायचे बूट सवानीच्या फलाटावरच राहिले आणि लीनं तार करून ते मागून मागवले, असंही सांगतात. पाच ठिकाणी जिंकायला आधी पाच ठिकाणी वेळेवर, पोट ठीक असताना, बूट घालून उभं राहावं लागतं. ते लीनं केलं.

आणि कॅल बरोज. हा कृष्णवर्णीय माणूस टीमबरोबर फिरला, ठेचलेली अंगं चोळून दुसऱ्या दिवसासाठी उभी केली. तालमीत ज्यांनी कधी अंग रगडून घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लागोपाठ तिसऱ्या दिवशी मांडी उचलते की नाही, हे आदल्या रात्री मालिश करणाऱ्याच्या हातात असतं. ली पुढं 1911 मध्ये अमेरिकेचा सिनेटर झाला, त्यामुळं त्याचं नाव निदान दुसऱ्या वाटेनं तरी टिकलं. बरोजचं नाव टीमच्या यादीत शेवटी कुठंतरी. ज्या विद्यापीठासाठी तो राबला, तिथं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळायला पन्नासचं दशक उजाडलं.

दौऱ्यानंतर ऑबर्नच्या कॉलेज टीमविरुद्धची मॅच मात्र 11-10 अशी काठावर सुटली. वर्षभरात सवानीविरुद्ध झालेले सगळे 10 पॉइंट तिथलेच. ऑबर्नचे कोच जॉन हाइझमन पंचांवर इतके चिडले की त्यांनी वर्तमानपत्रातून तोफ डागली. त्या मॅचनंतर दोन दिवसांनी अटलांटामध्ये नॉर्थ कॅरोलिनाला 5-0 हरवून सीझन संपला.

पोलादी शरीरांचं कौतुक करताना ऑर्मंड सिमकिन्सही आठवावा. फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन घुसणारा गडी, टीमचा मोठा आधार. फुटबॉलमधल्या दुखापती त्याला आयुष्यभर पुरल्या, पुढं दोन्ही पाय कापावे लागले असं नोंदलेलं आहे. हे वाचल्यावर 6 दिवसांत 5 मॅचेस हा आदर्श म्हणून पोरांसमोर ठेवायला माझं मन धजत नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांत आजही रोज एक मॅच असते, आणि थकलो म्हणणाऱ्या पोराला असल्याच गोष्टी ऐकवल्या जातात.

मी विद्यापीठाकडून खेळायचो तेव्हा आमचे मॅनेजर सर रात्रभर टीसीच्या मागं फिरून बर्थ मिळवायचे. आम्ही झोपलेलो असायचो, ते दाराजवळ किटच्या बॅगांवर बसलेले. जिंकलो तेव्हा प्रमाणपत्रं आम्हाला मिळाली, त्यांना साधा नारळसुद्धा नाही. याची चीड मला आजही आहे. विजेत्या टीमच्या यादीत मॅनेजर आणि मालिश करणाऱ्याचं नाव कॅप्टनच्या लगेच खाली छापलं पाहिजे आणि प्रमाणपत्रही त्यांना त्याच मंचावर मिळालं पाहिजे. स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर यंदापासूनच सुरू करा. त्याला जास्तीचा खर्च काही नाही.