वैद्यबुवा बिघडले

माझ्या मावसबहिणीने एका देवमाणसाला बिघडवलं आणि त्याबद्दलचे फोन मला येतात.

देवमाणूस कागदावरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका गाजलेल्या चित्रकथेवर जीव जडलेल्या आम्ही काही जणांनी, मूळ कथा जिथे थांबते तिथून पुढे, तीच पात्रं घेऊन आपली स्वतःची कॉमिक काढायला घेतली. मूळ कथेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिचे चाहते इथेच भांडायला लागतील. गोष्ट मावसबहीण रचते, चित्रंही तीच काढते. माझ्याकडे फुगे आहेत. म्हणजे पात्रांच्या तोंडाशी संवादाचे फुगे काढायचे, त्यांना शेपटी लावायची, ती योग्य तोंडाकडे वळवायची आणि आत मजकूर बसवायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात, खालच्या ओळीच्या वेलांट्या वर डोकं काढतात, आणि दोघांची टक्कर होते. ओळींत अंतर वाढवावं तर फुगा वाढतो आणि सेनापतीचं कपाळ झाकलं जातं. मग मावसबहीण म्हणते, “दादा, त्या कपाळावर मी दोन तास घालवलेत.” असो. या दुःखावर कुणीच वाद घालत नाही. वाद आहे वैद्यबुवांवर.

मूळ कथेत या बुवांना फारसं काम नव्हतं. युद्ध चाललंय, मागच्या तंबूत एक वैद्य आहे, तो येईल त्याला पट्टी बांधतो, एवढंच. आमच्या कॉमिकमध्ये मात्र त्यांचा भाव वधारला. शत्रूच्या शिपायालाही ते त्याच मायेने काढा पाजायचे. घोडा लंगडा झाला तेव्हा दोन पानं रडले होते. वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. नायक बाजूला राहिला आणि लोक बुवांची खुशाली विचारू लागले.

आणि मग ते पान आलं.

सहा चौकटी. पहिलीत खाटेवर जखमी सरदार, बुवांचा जुना मित्र. दुसरीत बुवा फडताळातून बाटली काढतात. तिसरीत बुवांचा चेहरा. चौथीत तोच चेहरा, आणखी जवळून. पाचवीत फक्त हात, आणि तो हात बुच परत बाटलीत बसवतोय. सहावीत बुवा तिवईवर बसलेत, बाटली मांडीवर, मित्र तसाच तळमळतोय. अख्ख्या पानावर एक शब्द नाही. म्हणजे मला सुट्टी. फुकटच्या कामात मिळालेली ही सुट्टी मी आनंदाने घेतली आणि पान वाचकांच्या हाती पडलं. मावसबहिणीने फोन बंद केला आणि ती झोपली. कलावंताने नेमकं कधी झोपावं, हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

पहिला फोन एका कॉलेजकन्येचा. “काका, तो असं करूच शकत नाही!”

“काका” मी गिळला. पण तिची खात्री बघून थक्क झालो. सख्खा भाऊ उद्या काय करील याची मला खात्री देता येत नाही. हिला मात्र शाईच्या रेघांनी बनलेल्या माणसाची रक्तगटापासून खात्री. मी म्हटलं, “अगं, त्याने केलंय. सहा चौकटींत केलंय.” ती म्हणाली, “त्याने नाही केलं, तुम्ही लोकांनी त्याच्याकडून करवून घेतलंय.” यावर वेदान्ताच्या दृष्टीने काहीही उत्तर नाही.

संध्याकाळपर्यंत तट पडले. एका तटाचं म्हणणं, बुवांचं चारित्र्यहनन झालं. दुसऱ्याचं म्हणणं, बुवा पहिल्यापासून असेच होते, तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत. तिसरा छोटा तट स्वप्नवाद्यांचा: पुढच्या पानावर बुवा दचकून जागे होणार. कुठल्याही कथेत काहीही वाईट घडलं की हा तट उभा राहतो. जुळ्या भावाची शंका काढणारा एक गृहस्थही होता. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. तेवढ्यापुरती एकी दिसली.

सगळ्यात गंभीर मनुष्य म्हणजे एक निवृत्त हिशेबतपासनीस. त्यांनी भावना वगैरे काही मांडल्या नाहीत. त्यांनी पानं मांडली. “पहिल्या प्रकरणात फडताळात तीन ओळी बरण्या आहेत. वेढा पडल्यावर दोन ओळी. गेल्या महिन्यात एक. आणि या पानावर मोजून एक बाटली.” मी पानं काढून पाहिली. माणसाचं बरोबर होतं. मावसबहिणीने इतक्या पानांत एकेक बरणी कमी करत आणली होती आणि हे मला, फुगेवाल्याला, दिसलं नव्हतं, कारण फडताळ हे माझ्या लेखी फुगा ठेवायला मोकळी जागा असते.

बरण्यांनी वाद मिटेल असं मला वाटलं. उलट त्याला धार चढली. आमच्या वाचकांत एक खऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या म्हणाल्या, “मग यात काळं काय आहे? औषध एकच असेल तर ते कुणाला द्यायचं हे ठरवावंच लागतं. नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा शल्यवैद्य होता. तो हुद्दा बघायचा नाही, ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी घ्यायचा. सरदार आहे म्हणून बाटली त्याची, असं थोडंच असतं?” कॉलेजकन्या फोनवरच रडायच्या बेतात आली, आनंदाने. बुवा वाचले! हिशेबतपासनीसांनी विचारलं, “मग ती बाटली त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली का? मांडीवर घेऊन बसलेत.” कॉलेजकन्या पुन्हा रडायच्या बेतात.

या सगळ्यात माझी गोची अशी की मला पुढचं माहीत होतं. कॉमिकच्या धंद्यात कुणाचं मन फिरलं हे सगळ्यात आधी फुगेवाल्याला कळतं. काही आठवड्यांपूर्वीच मावसबहीण सहज म्हणाली होती, “दादा, एकोणिसाव्या प्रकरणापासून बुवांचे फुगे काळे कर. आत अक्षरं पांढरी.” काळा फुगा म्हणजे काय, हे या क्षेत्रात शेंबड्या पोरालाही कळतं. मी फक्त एवढंच विचारलं की जाड वळणाचा फाँट घेऊ ना, कारण काळ्यावर पांढरं छापलं की शाई पसरून बारीक रेघा बुजतात. तिने हो म्हटलं. एका माणसाचा आत्मा गेला आणि आम्ही फाँटची जाडी ठरवून मोकळे झालो.

तेव्हापासून लोक मला “बुवा चांगलेच आहेत ना?” असं विचारतात आणि मी “बघू या” म्हणतो. माझ्या “बघू या”चेही दोन अर्थ लावले गेलेत.

मग दाखले सुरू झाले. आमच्यात एक मित्र आहे, त्याला अमेरिकन कॉमिक्सचा इतिहास तोंडपाठ. तो वादात पडत नाही, निकालपत्र वाचतो. त्याची पहिली सूचना, मतदान घ्या. “१९८८ मध्ये बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार, म्हणजे दुसरा रॉबिन, जगावा की मरावा, यावर वाचकांकडून फोनवर कौल घेतला होता. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला.” एका फोनला पन्नास सेंट पडत होते, ही माहिती त्याने खास माझ्याकडे बघून दिली. म्हणजे माझे फोन किमान कुणाला तरी उत्पन्न देणारे असते.

दुसरा दाखला त्याहून भारी. एक्स-मेन या महानायकांच्या टोळीतली जीन ग्रे १९८० मध्ये अशी काही बिघडली की भुकेपोटी तिने एक तारा गिळला आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरची अख्खी वस्ती संपवली. लेखक-चित्रकारांनी शेवट असा केला होता की तिची शक्ती काढून घेतात आणि ती जगते. मुख्य संपादक म्हणाले, एवढी माणसं मारून ही अशीच घरी जाणार? मग शेवट बदलला आणि ती मेली. मित्र इथे थांबला. कॉलेजकन्येचा श्वास अडकला होता. “पण,” तो म्हणाला, “१९८६ मध्ये ती परत आली. खुलासा काय, तर तारा गिळणारी ती जीन नव्हतीच. एका शक्तीने तिचं रूप घेतलं होतं आणि खरी जीन न्यूयॉर्कजवळच्या खाडीच्या तळाशी एका कोषात झोपलेली होती. आणि ही युक्ती मुळात कुणाची? एका चाहत्याची! मित्रांशी गप्पा मारताना त्याने ती काढली होती. पुढे तोच स्वतः मोठा कॉमिक लेखक झाला, कर्ट ब्युसिक.”

हा दाखला त्याने द्यायला नको होता. त्या रात्रीपासून प्रत्येक वाचक खरे बुवा कुठल्या पाण्याच्या तळाशी आहेत हे शोधायला लागला. आमच्या कथेत पाणी नाही. वेढा कोरड्या टेकडीवर पडलाय. कुणीतरी विहीर सुचवली.

मला यात गंमत वेगळीच वाटते. आम्ही कॉमिक सुरू केली तेव्हा मूळ कथेचे सोवळे चाहते आमच्यावर तुटून पडले होते: पात्रांना हात लावायचा तुम्हाला अधिकार काय? तेव्हा हीच मंडळी आमच्या बाजूने उभी राहिली. पात्रं काय कुणाच्या बापाची आहेत, असं म्हणाली. दाखलेवाल्याने तेव्हाही दाखला दिला होता, की टोकियोत १९७५ च्या डिसेंबरात चाहत्यांच्या स्वतःच्या कॉमिक्सचा पहिला मेळा भरला तेव्हा ३२ मंडळं आणि जेमतेम ७०० माणसं होती, आणि आज तिथे लाखोंनी गर्दी लोटते. तर आता तीच स्वातंत्र्यवादी मंडळी विचारतायत, बुवांना हात लावायचा तुम्हाला अधिकार काय? सोवळं नेसायला माणसाला फार दिवस लागत नाहीत.

माझं स्वतःचं मत मला कुणी विचारलेलं नाही; फुगेवाल्याचं मत विचारायची पद्धत नाही. तरी सांगतो. बुवा बिघडण्याला माझी हरकत नाही. सगळ्यांसाठी झिजणारा माणूस एक दिवस बुच परत लावतो, हे मला अगदी पटतं. माझी तक्रार झग्याबद्दल आहे. पुढच्या प्रकरणाचे कच्चे आराखडे मी पाहिलेत. त्यात बुवांनी काळा झगा घातलाय. वेढ्यात औषध संपलंय, अन्न संपलंय, आणि यांना काळा झगा शिवून मिळाला? कुणी शिवला? पण मन फिरलं की शिंपी गाठायचा, हा या पात्रांचा जुना शिरस्ता आहे.

आणि खरा घोळ वेळेचा आहे. हीच कथा पुस्तकात असती तर बाटलीचं पान आणि त्याचा खुलासा यांत एक पान उलटण्याचं अंतर असतं. आमच्याकडे आठवड्याला एक पान. पोटापाण्याचं सांभाळून यापेक्षा जास्त होत नाही. म्हणजे वाचकाला सात दिवस त्या सहाव्या चौकटीत बुवांसमोर बसून राहावं लागतं. इतका वेळ कुणाच्याही तोंडाकडे बघत बसलं की तो खुनी दिसायला लागतो. २०१६ मध्ये कॅप्टन अमेरिका शत्रूचाच माणूस निघाला तेव्हाही असाच गहजब झाला होता. पुढच्याच अंकात त्याच्या आठवणी कुणीतरी बदलल्याचा खुलासा आला, पण तोवर लोकांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डॉक्टरीणबाईंशी मी हे बोललो. त्या म्हणाल्या, “काळजी घेणारी माणसं एका पानात फिरत नाहीत हो. ती आधी दमतात. मग रुग्णाचं नाव घ्यायचं सोडून खाटेचा नंबर सांगायला लागतात. तिथून पुढे लक्ष ठेवायचं.” मी हे मावसबहिणीला सांगितलं. तिला बरण्यांचं सांगितलं, खाडीचं सांगितलं, विहिरीचंही सांगितलं. ती “हं, हं” करत राहिली. माझा समज, की ती चित्र काढतेय.

नवीन पान आलं. काळे फुगे, एकूण पाच, आणि एवढं लांब स्वगत की सेनापतीचं कपाळच काय, खांदेही गेले असते. सुदैवाने सेनापती त्या पानावर नव्हता. मजकूर बसवता बसवता माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी कुठेतरी ऐकलंय. बुवा म्हणतात, मला आता माणसांची नावं आठवत नाहीत, फक्त खाटा आठवतात. बुवा म्हणतात, फडताळ रिकामं होत होतं तेव्हा कुणी बघितलं? बुवा म्हणतात, तुम्ही ज्याला ओळखत होता तो तळाशी कुठेतरी झोपलाय. अख्खी वाचकमंडळी त्या काळ्या फुग्यांत पांढऱ्या अक्षरांत बसली होती.

पान गेलं आणि फोन आले. कॉलेजकन्या म्हणाली, “काका, बघा, तो दमलाय, वाईट नाहीये!” दाखलेवाला म्हणाला, “तळाशी. मी काय म्हणत होतो?” हिशेबतपासनीसांनी फडताळाच्या ओळीबद्दल समाधान व्यक्त केलं. चारित्र्यहननवाले आणि पहिल्यापासून-असेचवाले, दोघांनीही आपण जिंकल्याचं कळवलं. झग्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, सुटलो.

रात्री हिशेबतपासनीसांचा पुन्हा फोन. “एक राहिलं. बुवांचा घोडा. दोन प्रकरणं झाली, दिसला नाही.”

तासाभरात बातमी फुटली. बुवांनी घोडा मारला. कॉलेजकन्येला बोलता येत नव्हतं. दाखलेवाल्याकडे घोड्याचा दाखला नव्हता, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मावसबहिणीला गाठलं. “घोड्याचं काय केलंस?”

“दादा, तुला एक घोडा काढून दाखव म्हटलं तर काढशील? मागचे पाय कुठे वाकतात ते मला आजतागायत कळलेलं नाही. दोन पानं रडवला तेव्हा मी पण रडले होते. मी नाही आता काढणार.”

“अगं, पण लोकांना वाटतंय त्याने मारला.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं. बघते.”

पुढच्या पानावर घोडा आला. ठणठणीत आहे, मान वर करून उभा आहे. फक्त सहाही चौकटींत दाट धुकं आहे, बरोबर त्याच्या पोटापर्यंत. कोरड्या टेकडीवर, भर दुपारी. पान हाती पडल्यावर पाच मिनिटांत हिशेबतपासनीसांचा फोन.

“हे धुकं म्हणजे बुवांच्या मनाचं प्रतीक दिसतंय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “हो.”