टेप वाजत नव्हती, पण सेलेस्टा खरा नव्हता: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या चित्रपटसंगीताच्या कार्यक्रमाला आपण एक तारा दिलात. वादकांच्या कानात हेडफोन होते, म्हणजे मागे टेप चालू होती आणि ते नुसते हात हलवत होते, असं आपण लिहिलंत. पहिल्याच रचनेत कीबोर्ड होता, मग ‘सगळी वाद्यं खरी’ ही जाहिरात खोटी, आणि बाल्कनीत व्हायोलिनचा आवाज कानात घुसत होता, हेही. मध्यंतरात आपण उठून गेलात. कार्यक्रम माझा आहे, म्हणून उत्तर मीच देते.

आधी टेपचं. एकही स्वर आधी मुद्रित केलेला नव्हता. हेडफोनमध्ये असतो तो क्लिक, नुसता टक्-टक् ठोका. पडद्यावर प्रसंग चालू असतो आणि तो वादकांसाठी थांबत नाही. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. दर १२ फ्रेमला एक ठोका धरला की मिनिटाला १२० होतात. लय जराशी घसरली तरी पडद्यावर दार आधी आपटतं आणि ड्रम मागून वाजतो. पूर्वी यासाठी फिल्मच्या ध्वनिपट्टीवर भोकं पाडत, आता ते संगणकावर होतं. तालमीत मी व्हायोलिनवाल्यांच्या मागेच बसले होते. बऱ्याच जणांनी हेडफोन एकाच कानाला लावला होता. दुसरा कान मोकळा, कारण शेजारच्याचा स्वर ऐकल्याशिवाय सूर मिळत नाही.

आपलं ऐकायचं राहिलं ते शेवटचं, १९८२ च्या ‘ई.टी.’ चित्रपटातल्या पाठलागाचं संगीत. त्याच्या ध्वनिमुद्रणात चित्राशी मेळ घालताना संगीताची ताकद जात होती. तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गनी पडद्यावरचं चित्र बंद करायला लावलं, संगीतकार जॉन विल्यम्सना हव्या त्या लयीत वाजवू दिलं आणि मग चित्रपटच त्या संगीतावर बेतून कापला. म्हणून ती रचना आम्हीही पडदा काळा ठेवून, क्लिक बंद करून वाजवतो. कंडक्टरनी हेडफोन काढून ठेवले आणि शेवटच्या ओळी तालमीपेक्षा कितीतरी संथ घेतल्या. सगळा वाद्यवृंद त्यांच्या काठीकडे बघत त्यांच्यामागून गेला. ते ऐकताना माझे डोळे भरून आले, आणि आपण तेव्हा सभागृहात नव्हता याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कीबोर्डबद्दल मात्र आपण म्हणता तेच खरं. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या चित्रपटाची (२००१) ती धून सेलेस्टावर सुरू होते. दिसायला छोटा पियानो, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या, आणि त्यांवर हातोड्या पडतात. ठरवलेला सेलेस्टा आणताना बिघडला, काही हातोड्या उठेचनात. दुपारी हे कळल्यावर आम्ही कीबोर्ड लावला. पट्टीचा नाद जसा हवेत विरतो तसा तो स्पीकरमधून येत नाही, आणि आपल्या कानाने ते बरोबर पकडलं. प्रेक्षकांना आम्ही काहीच सांगितलं नाही. पडदा उघडण्याआधी दोन वाक्यं बोलायला हवी होती. त्याची मी माफी मागते.

बाल्कनीचंही तसंच. ‘सायको’ चित्रपटासाठी (१९६०) संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि खुनाच्या प्रसंगातली व्हायोलिनची ती किंकाळी कर्कशच लिहिलेली आहे. पण तिच्यामागून येणारे खर्जातले चेलो आणि डबल बास आपल्यापर्यंत पोचले नाहीत, ही चूक आमची. रिकाम्या सभागृहात लावलेला आवाज माणसं बसली की दबतो, वरचे स्वर जास्तच. आमच्या साउंड इंजिनिअरनी खालून ते वाढवले, आणि बाल्कनीच्या स्पीकरमध्येही तेवढेच वाढले. वर जाऊन कुणी ऐकलं नाही.

आपल्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत करतो आहोत. यापुढे मध्यंतराआधी आमचा एक माणूस बाल्कनीत बसून ऐकेल, आणि सेलेस्टा नसेल तर ती रचना वाजवणार नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या तालमीला आपण अवश्य या. व्हायोलिनवाल्यांच्या मागे खुर्ची ठेवते.