ते घार व्हय बापू

मागच्या दिवाळीत सोयाबीनचे पैसे आले त्यातून मी एक दुर्बीण घेतली. ८×४२. म्हणजे लांबचं आठपट जवळ दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं की आता आमची सहा वर्षांची पोरगीपण पाहुण्यांना पाणी देता देता सांगते. बायकोचं म्हणणं एकच, "आठपट जवळ दिसते तं मंग वळखू काऊन येत नाही?"

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याजवळ. चारी बाजूनं वावरं, तूर, पऱ्हाटी, हरभरा, आणि वर मोकळं आभाळ, म्हणजे शिकारी पक्षी पाहायला जागा एक नंबर. पण बाकीचे पक्षी बिचारे फांदीवर बसतात, मान इकडेतिकडे करतात, फोटो काढू देतात. शिकारी पक्षी उडताना दिसतो, खालून दिसतो आणि हमखास सूर्याच्याच बाजूला दिसतो. चित्रात तो तपकिरी, बदामी, छातीवर नाजूक रेघा वगैरे. आभाळात सगळे काळे, तव्यावर करपलेल्या भाकरीसारखे.

रंग सोडा, आकार पाहा, असं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे जाणकार सांगतात. बरं. शेपटीला मधे खाच असली की घार, एवढं तर सोपं आहे ना? नाही. घारीनं वळताना शेपटी पंख्यासारखी पसरली की खाच गायब, शेपटी सरळ कापल्यासारखी दिसते, मी घाईघाईनं वहीत 'गरुड?' लिहितो आणि मान वर करेपर्यंत बाईनं शेपटी मिटलेली असते. असे माझ्या वहीत ११ गरुड आहेत.

मग मी ओळखायला कापशी घेतली, छोटा शिकारी पक्षी. ही मात्र खरंच गुणी, तारेवर बसते, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. हरभऱ्यावर एका जागी पंख फडफडवत हवेत उभी राहते, मग पाय खाली सोडून लिफ्टसारखी उतरते उंदरावर. हवेत थांबते ती कापशी, असं मी पाठ केलं आणि दोन दिवस एकदम खुश होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की खरूची म्हणजे तो छोटा ससाणा, तीपण थांबते, आणि सापमार गरुडपण थांबतो, एवढा मोठा देह घेऊन. सगळ्यांनाच थांबायचं असतं, फक्त मी दुर्बीण लावल्यावर कोणी थांबत नाही.

हिवाळ्यात भोवते नावाचे शिकारी पक्षी येतात, थेट मध्य आशियातून. आमच्याकडच्या सोहोळ काळवीट अभयारण्यात गवतावरून असे खाली खाली उडतात, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून, नाकतोडे शोधत. नर राखाडी, देखणा, मादी तपकिरी आणि कंबरेवर पांढरा पट्टा. इथवर ठीक. पण माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या या दोघांच्या माद्या उडताना जवळपास सारख्याच, आणि पिलांचं प्रकरण तिसरंच. मी ग्रुपवर फोटो टाकला की अर्ध्या तासानं उत्तर येतं, 'पिल्लू असावं.' हे पिल्लू असावं म्हणजे डॉक्टरचं 'व्हायरल आहे' सारखं झालं, पुढं विचारायची सोयच नाही. आणि मोहोळघार तर बोलूच नका, एकाच जातीत फिक्कटपासून काळ्यापर्यंत सगळे रंग, फक्त डोकं कबुतरासारखं लहान. आता एवढ्या उंचीवर डोकं लहान की माझे डोळे कमजोर हे कोण ठरवणार.

या सगळ्यात धुऱ्यावर बसलेले आबाजी. रोजचा एकच प्रश्न, "काय पाहून राह्यला बापू?" मी म्हणतो, आबाजी थांबा, पंखाची टोकं मोजतो. ते कपाळावर हात धरून वर पाहतात, दोन सेकंद. "घार व्हय ते." कापशीला घार, भोवत्याला घार, एकदा तर विमानालाही घार म्हणाले, पण ते बहुतेक मला चिडवायला.

एकदाच ते गप्प झाले, मी गिधाडाचं विचारलं तेव्हा. "त्याले दुर्बीण कायले लागे? ढोर मेलं की पन्नास पन्नास उतरत. तासाभरात निस्ते हाडं." मी सांगितलं की ढोरांच्या दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक औषध गिधाडांना भोवलं, मेलेलं ढोर खाल्लं की त्यांच्या किडन्या जायच्या, २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं. आबाजी म्हणाले, "मायावाल्या बैलालेबी सुया टोचल्या होत्या गा." आणि तंबाखू मळत बसले.

असो. गेल्या रविवारी बाजारातून मटण घेऊन येत होतो. एका हातात पिशवी, गळ्यात दुर्बीण (ती आता मंगळसूत्रासारखी असते). नाल्याजवळ वर एक ठिपका फिरताना दिसला, पंख लांब, टोकं बोटासारखी फाकलेली, म्हटलं आज गरुड सोडायचा नाही. एका हातानं दुर्बीण धरून फोकस फिरवतोय तेवढ्यात मागून कानाजवळून वारा आला आणि पिशवीला हिसका बसला. वळून पाहिलं तर दोन फुटांवर पक्षी! पिवळे पाय, डोळ्यामागचा काळपट पट्टा, पंखांवरची एकेक रेघ. चार महिन्यात इतकं स्वच्छ काही दिसलं नव्हतं. हवेत ब्रेक मारायला त्यानं शेपटी पूर्ण पसरली होती. खाच कुठंच दिसली नाही.

घरी आल्यावर बायकोनं फाटकी पिशवी पाहिली. मी म्हटलं, शेपटी सरळ होती बरं का, मला वाटतं हा वेगळाच काहीतरी...

"ते जाऊ द्या जी," ती म्हणाली, "कलेजी नेली का ठेवली?"