आडवाट म्हटल्यानं तेर लहान होत नाही

सप्रेम नमस्कार,

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरवरच्या लेखात मी गावाला 'ऑफ द बीटन ट्रॅक', म्हणजे आडवाटेचं म्हटलं, ते तुम्हाला लागलं. 'गोरोबाकाकांच्या समाधीला एवढी गर्दी असते, मग आडवाट कसली? पुण्या-मुंबईच्या नजरेनं आपलं गाव बघू नका. तो शब्द काढा,' असं तुम्ही लिहिलंत. त्यामागची माया कळते, मीही मराठवाड्यातलाच. पण शब्द काढणार नाही.

तेर म्हणजेच प्राचीन तगर शहर, हे शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषकानं व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये गुजरातेतल्या भडोच बंदराच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर सांगितलंय. तगर फार मोठं शहर, असंही त्यात आहे. आणि तिथलं जाडंभरडं कापड, तलम मलमल बंदरापर्यंत कशी जायची? गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून! म्हणजे भरभराटीच्या काळातही तेरची वाट मळलेली नव्हतीच. माल चांगला होता, म्हणून माणसं वाट वाकडी करून येत होती. मग आडवाट म्हणण्यात कमीपणा कुठून आला?

गोरोबाकाकांकडची गर्दी खरीच. पण ती दर्शन घेऊन परत फिरते. त्याच गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे: विटांचं, मागून गोल, छत हत्तीच्या पाठीसारखं. मुळात तो चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह असावा, असं अभ्यासक मानतात. इतकं जुनं विटांचं बांधकाम अजून उभं आहे, आत पूजा होते आहे, हे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. गावातल्याच लामतुरे संग्रहालयातही तेच. तिथली हस्तिदंती बाई बघा. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली अशाच घडणीची मूर्ती सापडलीय. आपल्या भोकरदनलाही तसलीच एक मिळाली.

पुण्या-मुंबईचे पर्यटक आले नाहीत तर मला फरक पडत नाही. मला लातूर-नांदेडच्या शाळांच्या सहली हव्यात. त्या वेरूळ-अजिंठ्याला जातात, जाव्यातच. पण धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचं तेर त्यांच्या यादीत नसतं. तुमच्या ओळखीत कुणी शिक्षक असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा.