‘फक्त कॅटेगरी ३’ म्हणणाऱ्या वाचकांस

‘तटस्थ’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस, नमस्कार.

२००५च्या अटलांटिक चक्रीवादळांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “कॅटरिना जमिनीवर आली तेव्हा फक्त कॅटेगरी ३ होती. न्यू ऑर्लिन्स बुडालं ते भिंती फुटल्यामुळे. आणि सर्वाधिक वादळं २०२०मध्ये झाली. घरबसल्या विकिपीडिया चाळला की असे लेख होतात.” यातलं शेवटचं वाक्य आवरलं असतंत तर हे उत्तर चार ओळींत आटोपलं असतं.

२०२०चं आधी मिटवतो. त्या वर्षी नाव मिळालेली वादळं ३० झाली, २००५मध्ये २७. मान्य. मी मोजणीची शर्यत लावली नव्हती, तरी तो आकडा लेखात असता तर बिघडलं नसतं. झालं समाधान?

आता कॅटेगरी. किती तोऱ्यात लिहिलंय ते वाक्य! जणू मी काही लपवलं होतं आणि आपण ते पकडून दिलंत. अहो, वादळांना १ ते ५ अशी कॅटेगरी देणारी, आज वापरतात ती सॅफिर-सिम्पसन मोजपट्टी केवळ वाऱ्याचा वेग बघते. पाणी किती चढेल हे ती सांगतच नाही. पूर्वी तिच्यात प्रत्येक कॅटेगरीपुढे चढणाऱ्या पाण्याच्या उंचीचे आकडे असायचे. २०१०मध्ये ते काढून टाकले, कारण कॅटरिना आणि २००८चं आइक या वादळांनी ते साफ खोटे पाडले होते. २८ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात कॅटरिना कॅटेगरी ५ होती, हवेचा दाब ९०२ मिलिबारपर्यंत उतरलेला (दाब जितका कमी, तितकं वादळ जोरदार). दुसऱ्या दिवशी पहाटे वारा मंदावला, पण इतक्या अवाढव्य वादळाने रात्रभर ढकलत आणलेला समुद्र काही परत गेला नाही. मिसिसिपीत पास ख्रिश्चनला पाणी सुमारे २८ फूट चढलं. त्या किनाऱ्यावर न्यू ऑर्लिन्ससारख्या पूर अडवणाऱ्या भिंती नव्हत्याच फुटायला, तरी त्या राज्यात दोनशेहून जास्त माणसं गेली.

अजून हवं? त्याच मोसमातलं स्टॅन घ्या. कॅटेगरी १. धडकलं मेक्सिकोत व्हेराक्रूझच्या बाजूला, पण त्या दिवसांतल्या पावसाने तिकडे ग्वाटेमालात अटिट्लान सरोवराकाठचं पानाबाख हे गाव दरडीखाली गाडलं गेलं. तिथल्या लोकांना सांगा, कॅटेगरी काय होती ते.

आणि ‘घरबसल्या’? त्या सप्टेंबरात मी ह्यूस्टनमध्ये नोकरीला होतो. रीटा आखातात कॅटेगरी ५ झाल्यावर लाखो लोक एकदम बाहेर पडले, त्यात आम्हीही. आय-४५ महामार्गावर गाडी तासन्‌तास जागची हलत नव्हती. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद, मागे सासूबाई वर्तमानपत्राने तान्ह्या नातवाला वारा घालतायत. पंपांवर ‘संपलं’चे पुठ्ठे. याच रस्त्यावर, डॅलसच्या अलीकडे, ह्यूस्टनहून वृद्धांना घेऊन निघालेल्या बसला आग लागली आणि २३ जण गेले. रीटा मग पूर्वेला वळली, आणि किनाऱ्याला लागली तेव्हा कॅटेगरी ३च होती. आम्ही परतल्यावर शेजारचे एक गृहस्थ आपल्याच सुरात म्हणाले होते, “उगाच पळालात.” तेव्हा मी गप्प बसलो. आता बसणार नाही.

भिंतींबद्दल म्हणाल तर न्यू ऑर्लिन्समधल्या, भिंत फुटलेल्या सतराव्या रस्त्याच्या कालव्याचा उल्लेख लेखात आहे. शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसला असता. ती बांधकामं कशी फसली यावर अभियंत्यांनी जाडजूड अहवाल लिहिलेत, ते खुशाल वाचावेत. माझा लेख समुद्राबद्दल होता. अमुक का नाही, तमुक का नाही, असं कुठल्याही लेखाखाली लिहिता येतं.

पुढचा भाग विल्मावर आहे. ८८२ मिलिबार, अटलांटिक चक्रीवादळात नोंदलेला सर्वांत कमी दाब. कोझुमेल बेटावर आली तेव्हा ती कॅटेगरी ४ होती, हे मीच आधी सांगून ठेवतो, म्हणजे आपले कष्ट वाचतील. आणि त्या लेखाखालची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानिशी आली तर उत्तम.